खोटा अशोक, दुःखी प्राजक्त

अक्षरं काढणाऱ्याला अक्षरांचा अर्थ कळायलाच हवा असं काही नाही. मी सगळं आयुष्य पाट्या रंगवण्यात घालवलं. त्यातल्या निम्म्या गुजराती नाहीतर इंग्रजी. गुजराती मला अडखळत वाचता येतं, इंग्रजी शाळेपुरतं. गिऱ्हाईक कागदावर जे लिहून देईल ते पत्र्यावर उतरवायचं. वळण बरोबर हवं, दोन अक्षरांमधलं अंतर सारखं हवं, कडा स्वच्छ हव्यात. मजकूर काय आहे ती काळजी गिऱ्हाइकाची.

मग फ्लेक्स आले आणि हाताचं काम गेलं. आता मी भाईंदर पूर्वेला, नवघरला घरीच असतो. कधी गाडीची नंबरप्लेट, कधी बालवाडीच्या भिंतीवर फळं आणि प्राणी, जयंतीच्या आधी विहाराची कमान, असं किरकोळ येत राहतं. बायको मला म्हणते की तुम्ही रिटायर झालात हे तुम्हाला कोणी कळवलं नाही एवढंच.

गेल्या वर्षी नवरात्र संपल्यावर मीरा रोडच्या पेणकरपाड्यातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला. गुजराती माणूस, पूर्वी त्याच्या दुकानाची पाटी मी केली होती. सोसायट्यांची कसलीशी पाहणी होणार होती, बाहेरची माणसं येऊन बघून जाणार होती. सोसायटीत झाडं भरपूर, तेव्हा प्रत्येक झाडाला नावाची पाटी लावायची असं कमिटीत ठरलं होतं. फ्लेक्स उन्हात उडतो, म्हणून पत्रा आणि ऑइल पेंट. मी खूश झालो. नावं कोण देणार, एवढंच विचारलं. तो म्हणाला, दुसऱ्या मजल्यावर एक मॅडम आहेत, कॉलेजात बॉटनी शिकवायच्या, त्या सांगतील तसं करा.

मॅडम सत्तरीच्या पुढच्या, मूळच्या रायगडकडच्या. हातात काठी, केस पांढरेशुभ्र, आवाज मात्र अजून वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. त्या कागद द्यायच्या नाहीत. झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या आणि एकेक अक्षर सांगायच्या. मी खडूने पत्र्यावर लिहून घ्यायचो. पहिल्या दिवशीच त्यांनी सेक्रेटरीने आणलेले खिळे परत पाठवले. झाडाला खिळा मारायचा नाही, सैल तार बांधायची, खोड वाढेल तशी तिलाही जागा हवी, म्हणाल्या.

पहिलं झाड आंब्याचं. वर मराठीत 'आंबा' आणि खाली इंग्रजी अक्षरांत शास्त्रीय नावाचे दोन शब्द. मी दुकानाच्या पाटीसारखी सगळी मोठी अक्षरं काढून दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि पुन्हा करा म्हणाल्या. पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, बाकी सगळी लहान. दुसरा शब्द अख्खा लहान. आणि दोन्ही शब्द तिरके.

मी म्हटलं, असं केलं तर बघणाऱ्याला वाटेल पेंटर चुकला. माणसाची पाटी करताना दोन्ही शब्द मोठ्या अक्षराने सुरू करतात. त्यांनी मला समजावलं की पहिला शब्द म्हणजे झाडाचं आडनाव, घराण्याचं. दुसरा शब्द त्या झाडाचं स्वतःचं नाव. मग स्वतःचंच नाव लहान अक्षरात का, असं मी विचारलं. तसा नियम आहे, म्हणाल्या. माझा गोंधळ सुरू झाला तो तिथपासून.

मी पाटी पुन्हा केली. वाळत असताना मी तो शब्द आपल्या परीने मोठ्याने वाचला, 'मँगीफेरा'. मॅडम हसल्या. मँगी नाही, म्हणाल्या, मांगा. केरळात आंब्याला मांगा म्हणतात. 'फेरा' म्हणजे धारण करणारा, तो लॅटिन. दोन्ही मिळून मांगा धारण करणारं झाड, आणि 'इंडिका' म्हणजे भारतातलं.

मला ते फार नवलाचं वाटलं. इतकी वर्षं मी परक्या अक्षरांची चित्रं काढत होतो, त्यांच्या आत आपल्याकडचा आंबा बसला असेल असं कधी मनात आलं नव्हतं. माझं तोंड बघून मॅडमना काय वाटलं कोण जाणे. त्या म्हणाल्या की पाटीवर तिसरी ओळ करू. नावाचा अर्थ मराठीत लिहू. येणाऱ्या-जाणाऱ्यालाही कळू दे. सेक्रेटरीला विचारलं तर तो लगेच हो म्हणाला. पाहणीवाल्यांसमोर माहिती जितकी जास्त तितकं चांगलं, असा त्याचा हिशोब होता.

तिथून पुढे काम सरळ राहिलं नाही.

चिंचेच्या पाटीवर तिसऱ्या ओळीत मी मॅडमच्या सांगण्यावरून लिहिलं, 'भारतातला खजूर'. पाटी लावली आणि सकाळी फिरायला येणारी मंडळी तिच्यापुढे थबकायला लागली. कोणी म्हणालं पेंटरने दुसऱ्या झाडाची पाटी इथे लावली. कोणी मला हिंदीत विचारलं की भैया, इमली को खजूर किसने बोला. मी वर जाऊन मॅडमना विचारलं की चिंच आणि खजूर हे नात्यातले आहेत का. नाहीत, म्हणाल्या. मग चिंच निदान मूळची भारतातली तरी आहे का? तीही नाही, मूळची आफ्रिकेतली. अरबी व्यापाऱ्यांना ती आपल्याकडे मिळाली. गराचा गोळा खजुरासारखा दिसला, म्हणून ते तिला हिंदचा खजूर म्हणायला लागले. त्यांचा 'तमर' पुढे लॅटिनमध्ये गेला, आणि वर आणखी भारतातली म्हणून 'इंडिका' लागलं.

"म्हणजे नाव दोन्हीकडून चुकलंय," मी म्हटलं. "मग बदलत का नाहीत?"

"नाव म्हणजे वर्णन नव्हे, पेंटर. एकदा ठेवलं की ते त्याचं झालं. चुकीचं असलं तरी."

हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की मी मान डोलावली. घरी जाताना मात्र विचार करत राहिलो. आमचं आडनाव मराठवाड्यातल्या एका गावावरून आहे. ते गाव मी पाहिलेलं नाही, वडिलांनीही पाहिलं नव्हतं. तिथे आमचं कोणी आहे की नाही तेसुद्धा माहीत नाही. तरी माझ्या आधार कार्डावर ते गाव आहेच. चिंचेचं तसंच असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती फार टिकली नाही, कारण दुसऱ्याच दिवशी अशोकावरून भांडण झालं.

कंपाउंडच्या भिंतीला लागून ती उंच, सडपातळ, पानं खाली सोडलेली झाडं रांगेने उभी आहेत. मीरा रोडला अशी रांग नसलेली सोसायटी सापडणं कठीण. सगळे त्याला अशोक म्हणतात. मीही म्हणतो. सेक्रेटरी आसोपालव म्हणतो, त्यांच्याकडे दाराला तोरण त्याच पानांचं लागतं. मॅडम म्हणाल्या, हा अशोक नाहीच. खरा अशोक बुटका, पसरट, त्याला शेंदरी फुलांचे गुच्छ येतात. याला लिहायचं 'खोटा अशोक'.

सेक्रेटरीला ते पटेना. रागावला नाही, पण हात जोडून म्हणाला की मॅडम, गेटमधून आत आल्यावर पहिलीच पाटी, तिच्यावर खोटा शब्द बरा नाही दिसणार. ही झाडं त्याने स्वतः उभं राहून लावून घेतली होती. मॅडम म्हणाल्या, नुसतं अशोक लिहिलं तर पाटीच खोटी होईल. दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी कुंचला टर्पेंटाइनमध्ये बुडवून ढवळत बसलो.

शेवटी तोडगा निघाला तो असा, की मराठी नावच लिहायचं नाही. वरची ओळ कोरी ठेवायची, खाली लॅटिन नाव आणि त्याचा अर्थ. अर्थ होता 'पुष्कळ औषधं, लांब पानं'. लांब पानं मला दिसत होती. औषधाचं विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, या झाडाचं तसं फार काही नाही, घराण्याचं नाव पडलं तेव्हा कोणाला तरी तसं वाटलं असेल. मी ती पाटी लावली. दोन दिवसांनी कोणीतरी कोऱ्या जागेत खडूने 'अशोक' लिहून टाकलं. मॅडमनी पाहिलं, पण पुसायला सांगितलं नाही. मीही पुसलं नाही.

मागच्या भिंतीपाशी पिंपळ होता. त्याच्या नावातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ धर्माचा, पवित्र, असा होता. कोणाच्या धर्माचा, असं माझ्या तोंडून निघून गेलं. मॅडमनी मला विचारलं की तुमच्या घरी याला काय म्हणतात. मी सांगितलं, बोधिवृक्ष. मग तेही लिहा, म्हणाल्या. मी 'पिंपळ' या शब्दाच्या शेजारी, त्याच मापात, तेही लिहिलं. त्या दिवशी काम करताना हात हलका चालत होता. पण मनात एक शंका राहिलीच. नाव ठेवणाऱ्या त्या परदेशी माणसाने नेमकं कोणाला पाहिलं असेल, पिंपळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या बाईला की आमच्यासारख्या कोणाला?

मग प्राजक्त आला.

तो तळमजल्यावरच्या एका खिडकीसमोर होता. उंच नव्हता, पण फुलायचा भरपूर. त्या दिवसांत सकाळी त्याच्याखाली पाय ठेवायला जागा नसायची. मॅडमनी नाव सांगितलं आणि अर्थ सांगितला, 'रात्रीचं फूल, दुःखी झाड'. मी खडू थांबवला. असंच लिहू का, विचारलं.

"असंच आहे ते. मी माझ्या मनाचं काही घालत नाही."

त्यांनी कारणही सांगितलं. हे झाड रात्री फुलतं आणि उजाडायच्या आत सगळी फुलं टाकून देतं. परदेशी लोकांनी ते दिवसा पाहिलं, तेव्हा नुसतं मलूल, रिकामं उभं असलेलं. म्हणून दुःखी झाड. मला ते पटलंही आणि नाहीही. आमच्याकडे हे देवाघरचं झाड म्हणतात. ज्याने सगळं देऊन टाकलं तो दुःखी कसा, आणि ज्याच्याकडे काही उरलं नाही तो दुःखी कसा नाही? मला ठरवता येईना. मी आपली पाटी केली आणि लावली.

संध्याकाळी सेक्रेटरीचा फोन आला. त्याचा आवाज पडलेला होता. तळमजल्यावरच्या त्या खिडकीत ज्या ताई राहतात, त्यांचे यजमान वर्षापूर्वी गेले. प्राजक्त त्यांनीच लावलेला. आणि आता बाईच्या खिडकीसमोर आपण 'दुःखी झाड' लिहून ठेवलंय. कमिटीतल्या सगळ्यांना वाईट वाटत होतं. उद्या सकाळी लवकर या आणि त्यांनी बघायच्या आत पुसून टाका, असं त्याने मला सांगितलं. मी विचारलं, त्या काही म्हणाल्या का? नाही, म्हणाला, त्यांना कोण विचारणार.

दुसऱ्या दिवशी फडकं आणि टर्पेंटाइन घेऊन मी उजाडताच पोचलो. पण त्या माझ्या आधीच तिथे होत्या. जमिनीवर धुतलेली साडी अंथरलेली, तिच्यावर पडलेली फुलं त्या वेचून परडीत टाकत होत्या. साठीच्या आसपासच्या, रत्नागिरीकडच्या. मला बघून म्हणाल्या, "काय हो भाऊ, राहिलं काही?"

मला खोटं सुचेना आणि खरं सांगवेना. थोडं पुसायचंय, एवढंच म्हटलं. त्या उठून पाटीपाशी आल्या. आधी वाचलेलीच असणार, तरी पुन्हा सावकाश वाचली.

"दुःखी का म्हणे?"

मॅडमनी सांगितलेलं मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि झाडाकडे पाहिलं.

"हे रोप त्यांनी गावावरून आणलं होतं," त्या म्हणाल्या. "एसटीत रात्रभर मांडीवर घेऊन. मला म्हणाले, पाय बधिर झाले पण एक पान तुटलं नाही. त्या दिवशी इतके खूश होते ते."

मी फडकं हातात धरून उभा. पुसायचं की नाही कळेना. मी म्हटलं, ताई, सगळं पुसून टाकतो. नुसतं प्राजक्त ठेवतो.

"नको. मराठीतलं तेवढं पुसा. वरचं इंग्रजी राहू दे."

"ताई, त्या इंग्रजीतही तेच लिहिलंय."

"असू दे. ते मला वाचता येत नाही."

मी तिसरी ओळ पुसली. ऑइल पेंट एका रात्रीत पुरता वाळत नाही, त्यामुळे निघाला, पण पत्र्यावर पांढुरका डाग राहिला. माझं काम होईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या. मग त्यांनी विचारलं की ते वरचं वाचतात कसं. मला मॅडमकडून ऐकून पाठ झालं होतं. मी वाचून दाखवलं, 'निक्टँथिस आर्बोर-ट्रिस्टिस'. त्यांनी शेवटचा शब्द एकदा हळूच म्हणून पाहिला आणि पुन्हा खाली बसून फुलं वेचायला लागल्या.

आजही मला समजत नाही की त्यांना ते दुःख तिथे हवं होतं की नको होतं. घरी बायकोला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, यात न समजण्यासारखं काय आहे, आणि भाकरी थापत राहिली. काय समजलं ते तिने मला सांगितलं नाही.

मॅडमना सांगायची मला धास्ती होती. अर्थ पुसला म्हणून त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मीच खाली जाऊन यायला हवं होतं, पाटी लावायच्या आधी. मग काठी घेऊन त्या तळमजल्यावर गेल्या. त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. दार लोटलेलं होतं आणि मी बाहेर शेवग्याच्या पाटीला तार बांधत होतो. एवढं खरं की त्यानंतर मॅडमच्या टेबलावर पितळी वाटीत प्राजक्ताची फुलं दिसायला लागली, आणि त्या दोघी दुपारी मागच्या बाकावर बसलेल्या दिसायच्या. एक बोलणारी आणि एक ऐकणारी. कोण बोलायची ते दिवसावर असायचं.

दिवाळीच्या तोंडावर पाहणी झाली. आलेल्या माणसांनी ओल्या कचऱ्याचा खड्डा पाहिला, सोलरचे दिवे पाहिले, सेक्रेटरीबरोबर फोटो काढले आणि गेले. पाट्यांकडे एकाने जाता जाता पाहिलं. सेक्रेटरीचा पाट्यांमधला रस तिथेच संपला. एक पाटी करायची राहिली होती, गेटच्या कमानीवर चढलेल्या वेलीची. ती आता मॅडमची आणि माझी अशी दोघांचीच गोष्ट उरली.

ती वेल तुम्ही पाहिलेली असणार. झुबक्यांनी फुलं येतात, एकाच झुबक्यात पांढरी, गुलाबी आणि लाल. पांढरं उमलतं आणि दिवस जाईल तसं लाल होत जातं. संध्याकाळी गेटपाशी तिचा वास येतो. सगळे तिला मधुमालती म्हणतात. मॅडम म्हणाल्या, खरी मधुमालती वेगळी. माझी आता त्यांच्या या बोलण्याला सवय झाली होती. हिला रंगूनची वेल लिहा, म्हणाल्या. मग खालचं नाव सांगितलं, 'क्विसक्वालिस'. मी खडूने लिहून घेतलं आणि तिसऱ्या ओळीसाठी अर्थ विचारला.

"कोण? कसली?" त्या म्हणाल्या.

मला वाटलं, माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं, या वेलीच्या नावाचा अर्थ. त्या पुन्हा म्हणाल्या, "कोण? कसली?" मी गोंधळून इकडे तिकडे पाहायला लागलो. तेव्हा त्या हसायला लागल्या, इतक्या की खोकला आला. हाच अर्थ आहे, म्हणाल्या. क्विस म्हणजे कोण, क्वालिस म्हणजे कसली. पूर्वी एका डच माणसाने मलय लोकांकडून हिचं नाव ऐकलं. ते त्याला स्वतःच्या डच भाषेतल्या 'कसं, कसलं' अशा अर्थाच्या शब्दासारखं वाटलं. त्याने त्याचंच लॅटिन केलं. शिवाय ही रोज रंग बदलते, तेव्हा ही आहे तरी कोण, असा प्रश्न पडावाच. वर्गात हे नाव सांगितलं की मुलं हमखास जागी व्हायची, असंही त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांना एवढं खुलून बोलताना मी पाहिलं नव्हतं.

मला तर ते नाव सगळ्यांत आवडलं. एकाने तरी कबूल केलं होतं की आपल्याला माहीत नाही.

पाटी रंगवून मी घेऊन गेलो तेव्हा पुण्याहून मॅडमची भाची फराळाला आली होती. तीही कॉलेजात हाच विषय शिकवते. खाली येऊन तिने कौतुकाने सगळ्या पाट्या पाहिल्या, फोटो काढले, मग माझ्या हातातली पाटी पाहून थांबली.

"मावशी, हे आता क्विसक्वालिस नाही राहिलं. बदललं. आणि तो भिंतीकडचा आसोपालव, त्याचंही."

मॅडमनी विचारलं, कधी. झाली काही वर्षं, भाची म्हणाली. हल्ली झाडाच्या पेशींच्या आतलं सगळं तपासून बघतात, त्यात काहींची घराणी वेगळी निघाली. ती हळू बोलत होती, जपून. भिंतीकडच्या झाडाच्या घराण्याचं नवं नाव 'मोनून', म्हणजे एकच अंडं, कारण फळात एकच बी. आणि या वेलीचं नवं नाव 'कॉम्ब्रेटम'.

"त्याचा अर्थ?" मीच विचारलं, कारण मॅडम काही विचारत नव्हत्या.

भाची म्हणाली, रोमन लोकांच्या जुन्या ग्रंथात एका वेलीला हे नाव होतं. ती वेल नेमकी कोणती, ते आता कोणालाच माहीत नाही. ते नाव पुढे या घराण्याला दिलं.

मॅडम खुर्चीवर बसल्या. "इतकी मुलं शिकून गेली माझ्या हाताखालून," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना मी हेच सांगितलं."

"तेव्हा तेच बरोबर होतं, मावशी."

हे वाक्य मला मुळीच कळलं नाही. वेल तीच, फुलं तीच. तेव्हा बरोबर आणि आता चूक, हे कसं? पण विचारायची ती वेळ नव्हती. मॅडमचा चेहरा असा झाला होता, जसं ओळखीच्या रस्त्याने चालताना मध्येच गल्ली सापडू नये. मी पाटी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि निघालो.

नंतर बरेच दिवस त्यांचा निरोप आला नाही. तळमजल्यावरच्या ताईंना विचारलं तर म्हणाल्या, बाकावर येतात, पण झाडांबद्दल बोलत नाहीत, नुसती माझी सुनेबद्दलची गाऱ्हाणी ऐकून घेतात. शेवटी मीच वर गेलो. पाटीचं काय करायचं ते विचारायला हवं होतं, पत्रा माझ्याकडे पडून होता.

मॅडमनी मला चहा दिला. मग त्यांनीच मला विचारलं, "तुम्ही काय कराल, पेंटर?"

मला कोणी असं विचारलं की माझी तारांबळ उडते. मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतंय. पण दुकान दुसऱ्या मालकाने घेतलं की आम्ही नवं नाव मोठ्याने लिहितो आणि खाली बारीक अक्षरात जुनं नाव, म्हणजे जुनी गिऱ्हाइकं बाहेरून परत जात नाहीत. मॅडमनी कप खाली ठेवला. तसंच करा, म्हणाल्या. दोन्हीकडे, या वेलीला आणि त्या भिंतीकडच्या झाडालाही.

मग मराठी नावापाशी त्या अडल्या. रंगूनची वेल हे पुस्तकातलं नाव, म्हणाल्या. माहेरी, रेवदंड्याच्या घरी, अगदी हीच वेल ओटीच्या खांबावर चढवलेली होती. तिच्या फुलांच्या लांब दांड्या एकमेकींत गुंफून त्या आणि त्यांची बहीण वेण्या करायच्या. रोज फुलं तोडताना तिला काहीतरी म्हणतच असणार. काय म्हणायचो? त्या कपाळावर बोट टेकवून बसल्या. आठवेना. मधुमालती नव्हतं, एवढं नक्की.

त्यांनी मोठ्या बहिणीला फोन लावला. ती अजून तिथेच राहते, ऐकायला कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर. मॅडमनी मोठ्याने विचारलं, "ताई, आपल्या ओटीवर ती वेल होती, लाल-पांढऱ्या फुलांची. तिला आपण काय म्हणायचो?"

तिकडून आधी तब्येतीची चौकशी झाली. मग प्रश्न दोनदा पुन्हा विचारावा लागला. मग मागे कुठेतरी नारळ पडल्यासारखा आवाज आला.

"ती वेल?" बहीण म्हणाली. "वेलच म्हणायचो की."

मॅडमनी आणखी दोन-तीन प्रकारे विचारून पाहिलं. आई काय म्हणायची, शेजारी काय म्हणायचे. प्रत्येक वेळी उत्तर तेच आलं. दुसरी वेल होतीच कुठे दारात, म्हणून वेगळं नाव लागलं नसेल, असं बहिणीचं म्हणणं. फोन ठेवून मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हसू येत होतं की दुसरं काही, मला सांगता येणार नाही.

"लिहा मग," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी जुना रंग खरवडला, पत्रा पुन्हा पांढरा केला, दोरा धरून रेघा मारल्या. नवं लॅटिन नाव, त्याखाली बारीक अक्षरात जुनं, मग दोन्हींचे अर्थ. खालचा सगळा भाग शब्दांनी भरून गेला. वरची ओळ तेवढी राहिली. एवढा रुंद पत्रा आणि त्यावर लिहायची दोनच अक्षरं, 'वेल'. ती मधोमध ठेवली तर एकटी दिसत होती, मोठी केली तर ओरडल्यासारखी. मी खडूने लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली. बायको मागे येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, झालं का. मी म्हटलं, अजून कळत नाहीये कशी बसवायची.